पाणी सुटलं

बारामतीच्या कॉलेजात त्या उन्हाळ्यात आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं ते हे, की एकट्याने काही करायचं नाही. सुट्टीत वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं एकत्र आणायची आणि त्यांच्याकडून लोकांच्या उपयोगाचं सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं, असा तो उपक्रम होता. तिघातिघांचे गट होते. एकाने कोड लिहायचं, दुसऱ्याने ते वाचायचं, आणि वाचणाऱ्याने हिरवं बटण दाबल्याशिवाय त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा पुढे सरकायचा नाही. पुण्यातल्या एका कंपनीतले सर आम्हाला पडद्यावरून मार्गदर्शन करायचे. त्यांचं म्हणणं, एका डोक्याची चूक दुसऱ्या डोक्याला दिसते. मला ते तेव्हाच खटकलं होतं. आमच्या भावकीच्या बैठकीला घरभर डोकी असतात, आणि चूक सगळे मिळूनच करतात. पण पहिल्या दिवशी तोंड उघडू नये एवढी अक्कल मला होती, म्हणून मी मान डोलावली.

मी वरकुट्याची. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, आता ऊस आहे, आणि ऊस म्हटला की कालवा आलाच. माझ्या गटात दुसरी मुलगी वालचंदनगरची, कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. शांत, नीटनेटकी, डब्यातली पोळीसुद्धा घडी घालून आणणारी. तिसरा मुलगा पळसदेवचा, उजनीच्या काठावरचा. तो बोलताना फार भराभर बोलायचा आणि मध्येच थांबून, "कळतंय ना?" असं विचारायचा. मला त्याचा रागही यायचा आणि तो नसला की करमायचंही नाही.

विषय त्यानेच आणला. उजनीच्या काठावरची शेती धरणातल्या पाण्यावर चालते, पण ते पाणी एका जागी राहत नाही. उन्हाळ्यात ते उतरत जातं, आणि शेतकऱ्यांना पाण्यामागे आपली मोटर आत आत न्यावी लागते. पाइप जोडायचे, केबल वाढवायची, बॅरलच्या तराफ्यावर मोटर बसवायची आणि चिखलातून ओढत न्यायची. पाऊसकाळ आला की सगळं उलट. घाटात पाऊस होतो, वरची धरणं नदीत पाणी सोडतात, ते आमच्याकडे पोचतं, आणि आपल्या डोक्यावर कडक ऊन असताना धरणात साठलेल्या पाण्याचा फुगवटा चढायला लागतो. मोटर वेळेत बाहेर काढली नाही तर बुडते. नदीत वरून किती पाणी सोडलं याचे आकडे रोज जाहीर होत असतात. आकडा वाढला की काठावरच्या लोकांना आपोआप फोन जावा, एवढंच आम्हाला करायचं होतं.

सरांनी सांगितलं, ज्यांच्यासाठी बनवताय त्यांना आधी भेटा. म्हणून आम्ही एका सकाळी पळसदेवला गेलो.

मला ती जागा आवडली नाही. उगाच कशाला खोटं बोलू? पाणी खूप आत गेलं होतं आणि मध्ये नुसती काळी, भेगाळलेली जमीन पसरली होती. एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. त्याच्या दगडांवर शिंपले चिकटलेले होते आणि माझ्या डोक्याच्या कितीतरी वर पाण्याची रेघ उमटलेली होती. वालचंदनगरची फोटो काढत होती. मी त्या रेघेकडे बघत होते. आपण उभे आहोत ती जागा आपली नाही, थोड्या दिवसांसाठी उसनी मिळाली आहे, असं मला सारखं वाटत होतं.

पळसदेवच्या मुलाचे वडील चिखलातून चालत आले. गाव त्यांना तात्या म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायला लागलो. उंच, किडकिडीत माणूस. शर्ट काढून काठावरच्या बाभळीला अडकवलेला, मोबाइल त्या शर्टाच्या खिशात. चिखलात उतरताना ते फोन नेहमी तिथेच ठेवायचे.

"भिजला की गेला," ते म्हणाले. "पोरानं घेऊन दिलाय. पडून ऱ्हाऊ दे, पर चांगला ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, "तात्या, पाणी चढतंय हे तुम्हाला कळतं कसं?"

"म्होरनं येत न्हाय ते," तात्या म्हणाले आणि आमच्या पाठीमागे बोट दाखवलं. तिथे एक कोरडा ओढा होता. आम्ही तो ओलांडूनच आलो होतो. "पयला ह्यो ओढा भरतो. आपुन म्होरं बघत बसतो आन पाणी मागनं येऊन रस्ता तोडतं. पर पायाला गार लागतं आदी. पायाला कळतं."

मुलगा म्हणाला, "आता पायावर भरवसा ठेवायची गरज न्हाय, तात्या. मीच फोन करीन."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा पोरींनो, माझं काम गेलं."

मीही हसले. पण परत येताना तो ओढा ओलांडला तेव्हा मी मागे वळून बघितलं, हे आठवतंय.

कॉलेजात परतल्यावर कामाला जोर आला. सकाळी सगळ्यांनी उभं राहून आपापलं काम सांगायचं, मग खोलीत एसी लावून बसायचं. बाहेर बारामती तापलेली असायची आणि सुट्टीमुळे कॉलेज ओस पडलेलं असायचं. आमचे तिघांचेच आवाज त्या लांब व्हरांड्यात फिरायचे. वाचता न येणाऱ्यांसाठी मजकुराऐवजी आवाज पाठवायचा, हे आम्ही ठरवलं. फोन उचलला नाही तर तो उचलेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वाजत राहील, हे वालचंदनगरच्या मुलीचं डोकं. आणि आवाज पळसदेवच्या मुलाचा, कारण गावाला तो ओळखीचा.

पहिलं वाक्य मी सरकारी निवेदनावरून उचललं होतं: "भीमा नदीपात्रात विसर्ग सुरू करण्यात आला आहे." त्याने ते रेकॉर्ड करून तात्यांना ऐकवलं.

"विसर्ग म्हंजी काय रं?" तात्यांनी विचारलं. "गणपतीचं विसर्जन का?"

आम्ही पोट धरून हसलो आणि वाक्य बदललं. लोकांच्या तोंडातला शब्द हवा होता, आणि तो लगेच सापडलाही. "पाणी सुटलं हाय. आपापल्या मोटरी सांभाळा." त्याने म्हटलं, वालचंदनगरच्या मुलीने ऐकलं, मी ऐकलं, दोघींनी हिरवं बटण दाबलं. सरांनी पडद्यावरून टाळ्या वाजवल्या. म्हणाले, हीच लोकांची भाषा.

आता इथे थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं या एका शब्दावर आहे. आमच्या वरकुट्यात पाणी सुटलं म्हणजे कालव्याला पाणी आलं. लग्नाच्या पंगतीत कोणी तसं ओरडलं, तरी माणसं हात धुऊन शेताकडे पळतात. वालचंदनगरला पाणी सुटलं म्हणजे क्वार्टरच्या नळाला पाणी आलं, बादल्या लावा. आम्हा दोघींसाठी पाणी सुटणं म्हणजे पाणी येणंच. पण पळसदेवला, उन्हाळ्यात, पाणी सुटलं म्हणजे उजनीतून खाली सोडलं. म्हणजे पाणी चाललं. म्हणजे काठ आणखी आत जाणार, मोटर कोरडी पडून जळणार, तिला सांभाळायचं असेल तर आत न्या.

एकच वाक्य, आणि ऐकणारा प्रत्येक जण ते बरोबर समजला. म्हणूनच चूक कोणाला दिसली नाही.

त्याला तरी कळायला हवं होतं, असं नंतर खूप जणांनी म्हटलं. मला त्या लोकांचा अजून संताप येतो. तो अकरावीपासून बारामतीत हॉस्टेलवर. घरी जायचा तो सणाला. त्याच्यासमोर दिवसभर पडद्यावर वर चढणारी रेघ होती, वरच्या धरणांचे आकडे होते. पाणी वरून सुटलंय हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की ते वाक्यात घालायची गरजच त्याला वाटली नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्या गटांचं सादरीकरण होतं. सर पुण्याहून स्वतः आले होते. सभागृहात पालक, प्राध्यापक, पुढच्या रांगेत पाहुणे. आमच्याकडे अजून पाऊस नव्हता, पण घाटात दोन दिवस कोसळत होता. सकाळी आमचा पडदा शांत होता. आमचा क्रमांक आला, मी माइक हातात घेतला, आणि पहिलं वाक्य बोलते न बोलते तोच आमच्या मागच्या पडद्यावरची पट्टी लाल झाली. वरचा आकडा वाढला होता, रात्री सोडलेलं पाणी आत्ता जाहीर झालं होतं. आम्ही काही न करता यंत्रणेने पळसदेवला फोन लावायला सुरुवात केली होती. पडद्यावर एकेक नंबर हिरवा होत गेला. फोन उचलला जात होता, आवाज ऐकला जात होता.

सभागृहात टाळ्या पडल्या. सर उठून उभे राहिले. वेळ इतकी नेमकी जुळली की मला मात्र बरं वाटेना.

सर म्हणाले, "गावात कोणाला तरी फोन लाव. सगळ्यांना ऐकू दे."

त्याने तात्यांना फोन लावला आणि मोबाइल माइकसमोर धरला.

"व्हय व्हय, आला तुझा फोन," तात्यांचा आवाज सभागृहभर घुमला. "लई भारी वाजला बग. आख्खं ऐकलं मी, मदी बोललो न्हाय. पाणी सुटलं म्हनलास न्हवं? मी चाललोय, मोटर आत घेतो. पार जुन्या पात्रापातूर नेतो, म्हंजी परत वडायला नगं."

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जोरात. कोणी तरी मागून शिट्टीही मारली. त्या टाळ्यांमध्ये फोन बंद झाला.

मी माइक खाली केला आणि त्याला विचारलं, "आत म्हणजे कुठं?"

"पाण्याकडं," तो म्हणाला. हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग ते जागच्या जागी थिजलं.

त्याने पुन्हा फोन लावला. वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. आम्हा दोघांनाही माहीत होतं की शर्ट बाभळीवर गेला आहे.

त्याच्या आईला फोन लागला. ती घरी होती, काठापासून लांब. "ते तर सकाळीच काठावर गेलं," ती म्हणाली, आणि मुलगा पुढे काय बोलला ते ऐकून तिने फोन न ठेवताच धाव घेतली. तिच्या चपलांचा आवाज येत राहिला. ती मासेमारांच्या झोपड्यांकडे पळत होती.

वालचंदनगरची मुलगी एवढंच म्हणाली, "तुम्ही निघा. मी इथं यंत्रणा बघते." ती पाहुण्यांकडे पाठ करून लॅपटॉपसमोर बसली. सर काही विचारत होते, तिने हात वर करून त्यांना गप्प केलं. तिला कोणाला असं गप्प करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आम्ही त्याच्या मोटरसायकलवरून निघालो. भिगवणचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, वर पांढरं ऊन. आभाळात ढगाचा तुकडा नाही. मला ते आभाळ बघवत नव्हतं. पाऊस असता, वारा असता, तर तात्यांना काही तरी शंका आली असती. पश्चिमेकडे बघावं तर नुसतं धुरकट. भिगवणच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली आणि फोनमध्ये बोलला, "तात्या, बाहेर या. पाणी चढतंय. मागं फिरा, बाहेर या." आवाज फाटला होता. त्याने ते वालचंदनगरच्या मुलीला पाठवलं, तिने यंत्रणेत टाकलं, आणि नियमाप्रमाणे माझ्या फोनवर हिरवं बटण आलं. ते मी न ऐकताच दाबलं. आधीचं वाक्य तर तिघांनी नीट ऐकलं होतं.

पळसदेवला पोचलो तेव्हा काठावर बरीच माणसं उभी होती, चिखलाने भरलेली. त्यांनाही पहिला फोन आला होता. त्यातले बरेच जण मोटर आत न्यायला उतरलेही होते. पण ओढ्यात पाणी हलताना दिसलं, आणि फोन काहीही म्हणो, ते मागे फिरले होते. दुसरा फोन आला तेव्हा बहुतेक जण बाहेर होते.

ओढा भरला होता. पाण्याला आवाज नव्हता, लाट नव्हती. ते फक्त भेगांमध्ये शिरत होतं, आणि एक एक करून भेगा मिटत होत्या. देवळाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. आम्ही जिथे उभं राहून हसलो होतो ती जागा मी शोधली, पण सापडली नाही.

बाभळीवर शर्ट होता. खिशातला फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मुलाने तो घेतला नाही. तो पाण्यात उतरायला निघाला, तसं दोघांनी त्याला कमरेला धरलं. तो त्यांना शिव्या देत होता आणि ते धरून होते. आई काठावर बसली होती. तिच्या पायात चपला नव्हत्या. तिने मासेमारांची होडी पाठवली होती, ती दूर एवढीशी दिसत होती. मला देवाचं नाव घ्यायचं होतं, पण समोरच्या देवळात कोणता देव होता तेच आठवेना.

होडी परत वळली तेव्हा त्यात किती माणसं आहेत ते कळत नव्हतं. सगळे काठावरून मोजायचा प्रयत्न करत होते आणि कोणी आकडा तोंडातून काढत नव्हतं. मग आई उठून उभी राहिली. तिला आधी दिसलं.

तात्या जिवंत होते. तराफ्यातून सुटलेल्या एका निळ्या बॅरलला धरून राहिले होते. मोटर गेली होती, तराफाही पुढे गेला असावा. त्यांना बाहेर आणलं, कोणी तरी अंगावर घोंगडं टाकलं. त्या उन्हात ते कुडकुडत होते. मुलगा त्यांच्यासमोर चिखलातच बसला.

"पायाला लागत व्हतं रं," तात्या त्याला म्हणाले. रागावले नव्हते. हिशेब न जुळल्यासारखे त्याच्याकडे बघत होते. "गार लागलं. मग गुडघ्याला आलं. म्या म्हनलं, असं कसं? पर तू म्हनला व्हतास न्हवं, पाणी सुटलंय म्हून. मंग म्हनलं, उतरंल आता."

बाकीचे सगळे पाणी बघून मागे फिरले होते. त्यांच्यासाठी तो नुसता फोन होता.

मला तिथे उभं राहवेना. रडू येत होतं आणि रडायचा हक्क मला आहे असं वाटत नव्हतं. मी बाभळीकडे गेले, शर्ट काढला आणि आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा वाजायला लागला. आमची यंत्रणा, उचलेपर्यंत वाजत राहणारी.

तात्यांनी ओल्या हाताने तो काढला आणि कानाला लावला. मुलगा त्यांच्या पुढ्यात बसलेला होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. फोनमधला त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तात्या, बाहेर या. पाणी चढतंय. मागं फिरा, बाहेर या.

तात्यांनी ते पूर्ण ऐकलं, मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्हय, आलो रं," आणि घोंगडं सावरत उठले. कोरड्या काठावर उभे होते, तरी पाण्याकडे एकदाही न बघता आणखी मागे सरकले.